पाचवा डाव

अमरावतीच्या दवाखान्यातून खुशालची बायको वनिता वारल्याचा फोन आला, तेव्हा मोबाइल लेकीच्या, अपेक्षाच्या हातात होता. ती राक्षसांच्या झुंजीचा खेळ खेळत होती.

जन्मभर संत्र्याच्या पेट्या भरणारा खुशाल सहा महिन्यांत भाकरी थापायला, वेणी घालायला शिकला.

“वेणी वाकडीच हाये बाबा. पण तुमी माह्या खेळातल्या पाण्याच्या राक्षसासारखे. तो बी आग फेकाले शिकला. फक्त त्याले चारच डाव ध्यानात राह्यतात. पाचवा शिकला का जुना एक विसरा लागते.”

“मंग मी कोणता विसरू?”

“ते तुमीच ठरवा.”

पूर्वी कामावरून येताना घराच्या वळणावर त्याने गाडीचा हॉर्न दोनदा वाजवला की वनिता चुलीवर तवा ठेवायची. आता तवा तोच ठेवतो. हॉर्न वाजवायचं विसरणं अजून राहिलं आहे.