एकुलती वाचक

"वर्षभर एकच बाई ई-पुस्तकं वाचतेय? मग बंद करून टाका ती भानगड!" वाचनालयाच्या अध्यक्षांनी फर्मान सोडलं. ग्रंथपाल शर्वरीताई हिरमुसल्या आणि त्या एकुलत्या वाचक मथुराबाईंना सांगायला पापड केंद्रात गेल्या.

डब्याला टेकवलेल्या मोबाइलवरून मथुराबाई खड्या आवाजात रहस्यकथा वाचत होत्या. खोलीभर बायका पापड लाटत, जिवाचा कान करून ऐकत होत्या.

"मथुराबाई, जरा बोलायचं होतं..."

"गप बसा हो मॅडम, चोर माळ्यावर चढलाय!" असं म्हणत एकीनं शर्वरीताईंच्या हातात लाटणंच दिलं.

थोड्या वेळानं अध्यक्षांचा फोन आला. "सांगितलंत का?"

"हळू बोला साहेब, चोर अजून सापडायचाय," शर्वरीताई कुजबुजल्या. "बंद करायचं असेल, तर तुम्हीच येऊन सांगा. इथं सगळ्यांच्या हातात लाटणी आहेत."