नाव तुम्हीच सांगा

किटलीचं झाकण खडखडलं आणि नुरझातनं कानांवरचे हेडफोन खाली ओढले.

"गेलं. खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करायची होती मला, मिनिटभर. आता पुन्हा."

"चहाला काय कळतंय शांतता," म्हणत बुर्माकान आपांनी किटली चुलीवरून उतरवली. घर त्यांचं. इस्सिक-कुल तळ्याच्या दक्षिण काठावर, तीन खोल्या पाहुण्यांसाठी.

कॅमेऱ्यामागून एर्मेक हसला. बेगायिम हसली नाही. ती दाराजवळ, चहाच्या भांड्यांशी बसून पेले पुसत होती.

"बाई, दाराशी काय बसलीस?" आपा म्हणाल्या. "वर, मानाच्या जागी जाऊन बस. कार्यक्रम तुझा, पाहुणी तू."

ती उठून वर जाऊन बसली. आपांनी तिच्यापुढे तळलेल्या कणकेचे बोरसोक ओतले, साय ठेवली, आणि पुन्हा पुन्हा भरता यावा म्हणून पेला अर्धाच भरला.

नुरझात खिडकीशी गेली. "उरका लवकर. उजेड जाणार. डोंगरावर ते पांढरे जमायला लागलेत."

"पांढरे कोण? ढग म्हण की," एर्मेक म्हणाला.

"नाही म्हणणार. सासऱ्यांचं नाव आहे ते. सासरच्या मोठ्यांची नावं सुना घेत नाहीत."

"सासरे तिकडे ओशला. ऐकू येतंय होय त्यांना?"

"तुझा काय भरवसा, ऐकवशील नेऊन," नुरझात म्हणाली. लग्नाला तिच्या वर्षही झालं नव्हतं. आपा पदराआड हसल्यासारखं हसल्या, रुमालाचं टोक तोंडावर धरून.

एर्मेक या हंगामात नवा होता. जुन्या निवेदकानं एका हॉटेलात फुकट राहून त्याचेच गोडवे गायले, ते बाहेर आलं आणि वाहिनीची पार शोभा झाली. तेव्हापासून प्रत्येक भागाच्या शेवटी निवेदकानं कॅमेऱ्यात बघून एक वाक्य म्हणायचं असा नियम झाला. त्याच्या जागी आलेली बेगायिम ते असं म्हणायची की बाजारात बायका तिचा हात धरून सांगायच्या, तू खरं बोलतेस, पोरी. पलीकडच्या काठावरच्या मोठ्या हॉटेलानं तिला मुलीसकट आठवडाभर बोलावलं होतं. तिनं ते निमंत्रण सगळ्यांदेखत परत पाठवलं होतं.

त्या हॉटेलामुळेच आपांच्या खोल्या दोन उन्हाळे रिकाम्या होत्या. हाही उन्हाळा तसाच गेला तर घर विकायचं, हे त्यांनी चहा ओतता ओतता, भाव सांगावा तसं सांगून टाकलं.

"विकून जाणार कुठे?" नुरझातनं विचारलं.

"सुनेकडे, शहरात. मुलगा मॉस्कोला टॅक्सी चालवतो. पण चौथ्या मजल्यावर मी काय करू? खिडकीतून खाली बघितलं की चक्कर येते मला."

"सून कशी आहे?"

आपांनी पेला फिरवून खाली ठेवला. "चांगली आहे. विसरत नाही म्हातारीला."

एर्मेक भिंतीकडे बघत होता. गालिच्याशेजारी एक चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ होता. "इथे काहीतरी टांगा, आपा. रिकामं दिसतंय." आपांनी त्या चौकोनापुढे एक सुरई आणून ठेवली.

अंगणात जर्दाळूच्या झाडाला झोका होता. तो टिपून झाल्यावर एर्मेकनं बेगायिमला बाजूला घेतलं. "एक विचारू? गावात इतकी घरं आहेत. हेच का?"

"मुरंबा खाऊन बघ इथला, मग विचार."

"तू कधी खाल्लास?"

"आत्ताच. तू दिवे लावत होतास तेव्हा."

शेवटचा तुकडा उंबऱ्यावर घ्यायचा ठरलं. एर्मेकनं दारावरची पाटी दाखवली. "इथून चालत ये आणि म्हण, हे बुर्माकान आपांचं घर."

"नाव मी घेणार नाही."

"का?"

"निवेदकानं नाव घेतलं की जाहिरात होते. त्यांनाच विचारते मी. त्या सांगतील."

एर्मेकनं कॅमेरा उचलला. "जुन्यानं तुझ्याकडे शिकवणी लावायला हवी होती."

तसंच केलं. मग ती कॅमेऱ्याकडे वळून ते वाक्य म्हणाली. पण आत आपांच्या हातून झाकण निसटलं आणि पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्या वेळी आपा घरात नव्हत्या. मागल्या दारानं गाईकडे गेल्या होत्या.

निघताना बेगायिमनं राहण्याजेवणाचे पैसे पुढे केले. आपा घेईनात.

"घ्या. नियम आहे," ती खाली बघत म्हणाली. आपांनी घेतले आणि तिच्या ओढणीची घडी सारखी केली.

भाग टीव्हीवर दाखवायचा होता त्या संध्याकाळी एर्मेक आणि नुरझात कलिंगड घेऊन बेगायिमच्या घरी आले. नुसती झलक बघूनच आपांच्या खोल्या ऑगस्टअखेरपर्यंत भरल्या होत्या.

"म्हातारीचं घर वाचलं," एर्मेक म्हणाला. "आणि छोटी कुठेय? तिला आईला बघायचं नाही का टीव्हीवर?"

"झोपवलं तिला. दिवसभर हुंदडत होती," बेगायिम म्हणाली. बाहेर अजून उजेड होता.

पडद्यावर तळं आलं, झोका आला, मुरंबा आला. मग उंबरा. पडद्यावरची बेगायिम वाकून म्हणाली, "नाव तुम्हीच सांगा, आपा."

"बुर्माकान," आपा कॅमेऱ्याकडे बघत म्हणाल्या.

"बघ, किती छान दिसतंय," एर्मेक म्हणाला. नुरझातनं कलिंगडाची फोड उचलली.

पडद्यावरची बेगायिम वळली. "या घरानं आम्हांला काही दिलेलं नाही. इथल्या कुणाशीही आमचं नातं नाही."

दाराची कडी हलली. सहा वर्षांची अकिलाय डोळे चोळत उंबऱ्यात उभी होती, केव्हाची कोण जाणे. ती पडद्याकडे बघत होती.

"आई," तिनं विचारलं, "आजीचं नाव तुला माहीत नव्हतं?"