पहिली दहा माणसं

शस्त्रक्रियेनंतर वैजयंतीच्या मेंदूत दहाच माणसांच्या आठवणी टिकवता येणार होत्या. ती दहा माणसं निवडणारी क्वेरी, म्हणजे संगणकाला द्यायची आज्ञा, तिने स्वतःच लिहून ठेवली होती; पस्तीस वर्षं ती डेटाबेसचंच काम करत आली होती. आता तिला भूल देऊन आत नेलं होतं, आणि तिचा नवरा अच्युत सही करायला तंत्रज्ञ रुबीनासमोर बसला होता.

यादी त्याने दोनदा वाचली. पहिली होती तिची मैत्रीण सुलभा, सहावा ऑफिसचा चहावाला. अच्युतचं नाव कुठेच नव्हतं.

"काहीतरी चुकलंय. सगळ्यांत जास्त आठवणी माझ्याच असणार."

"आहेतच, काका. एकेचाळीस हजार," रुबीना हळूच म्हणाली. "पण काकूंनी सगळ्या मोजल्याच नाहीत. ज्या आठवणींत त्या मोकळेपणाने हसल्यात, तेवढ्याच मोजून क्रम लावलाय. त्यात तुमचा नंबर तेविसावा लागतो."

अच्युतचे कान तापले. इतकी वर्षं एका घरात काढून हिने असं करावं!

"ती अट काढून टाका," तो म्हणाला. "नवरा म्हणून मला तो अधिकार आहे."

रुबीनाने अट काढली. अच्युत पहिला आला. चहावाला यादीतून गळला.

तिसऱ्या दिवशी वैजयंतीने डोळे उघडले. अच्युतने तिचा हात हातात घेतला.

"ओळखलंस मला?"

तिने त्याचा चेहरा नीट न्याहाळला.

"ओळखलं," ती म्हणाली आणि तिने हात सोडवून घेतला. "म्हणजे तू माझी क्वेरी बदललीस."