कोपऱ्यातला अननस

अमेरिकेतल्या व्हर्मॉन्टमध्ये घेतलेल्या जुन्या घराचा वॉलपेपर मी खरवडला, तर खाली स्टेन्सिलने रंगवलेली अननसांची रांग निघाली. कोपऱ्यातला एक मात्र उलटा! सुलट्या अननसावरून गिरवून मी स्वयंपाकघरासाठी पुठ्ठ्याचं स्टेन्सिल कापलं. मग उलट्यावर पांढरा रंग फिरवणार, तेवढ्यात शेजारच्या वर्नाआजी मफिन घेऊन आल्या.

"मेल्या, हात लावू नकोस त्याला!"

"आजी, चुकलाय तो."

"चुकलाय म्हणे! अरे, माझं माहेर हे. बाकीचे सगळे आईने काढले, तेवढा एक मी. पाच वर्षांची होते. आई म्हणाली, राहू दे, तुझा लगेच ओळखू येतो."

मी ब्रश आणि नवं स्टेन्सिल त्यांच्या हातात दिलं. आजींनी ते स्वयंपाकघराच्या कोऱ्या भिंतीवर अगदी नीट टेकवलं, माझ्याकडे बघून डोळा मारला आणि उलटं फिरवलं.