टेबलावरचा दिवा

युद्धाचा नववा दिवस होता. पत्रकार परिषदेत कर्नल शर्वरी खानविलकर बोलायला उभ्या राहिल्या, तशी दूर एका गावात, थेट प्रक्षेपण बघायला चावडीवरच्या पडद्यासमोर जमलेली माणसं त्यांच्या चेहऱ्याऐवजी त्यांच्यापुढच्या टेबलावरच्या दिव्याकडे बघू लागली. बोलणारा खोटं बोलला की हा हिरवा दिवा लाल व्हायचा. शत्रूने आपल्या पत्रकार परिषदांत असा दिवा कधी ठेवलाच नव्हता.

"डोंगरावरची चौकी आपल्याच ताब्यात आहे ना?" एका पत्रकाराने विचारलं.

"नाही. पहाटे गेली. आमचे अकरा जवान पडले."

दिवा हिरवाच राहिला. चावडीवरच्या माणसांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. घरटी एक जवान देणारं गाव होतं ते.

"तुम्हाला भीती वाटत नाही?"

"नाही."

दिवा लाल झाला. सभागृहात कुजबुज उठली. कर्नलबाईंनी दिव्याकडे क्षणभर पाहिलं.

"वाटते," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा त्याच डोंगरावर आहे. पण चौकी आम्ही परत घेणार."

दिवा हिरवा झाला.

चावडीवरचे निवृत्त सुभेदार भागोजी काठी टेकत उठले आणि त्यांनी पडद्याला कडक सॅल्यूट ठोकला.

"माझा नातू ह्या फौजेत आहे!" ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.