पाळण्याजवळचं मशीन

ठमी झोपेत पालथी झाली की कॅमेऱ्यातून पाहून बेल वाजवायची, असा प्रोग्राम तिच्या आईने स्वतः लिहिला होता. लॅपटॉपवर तो बिनचूक चाले. पाळण्याजवळच्या छोट्या मशीनवर मात्र मुका. उशीत नाक खुपसलेली ठमी दोनदा तिनेच धावत जाऊन सरळ केली होती. तेव्हापासून तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

आज दुपारी चोर सापडला. हे मशीन प्रोग्राम एका जुन्या इंटरप्रिटरकडून, म्हणजे तो ओळीओळीने वाचून राबवणाऱ्या दुभाष्याकडून, चालवून घेत होतं आणि तो पठ्ठ्या भागाकारातले अपूर्णांक सरळ गिळत होता. ठमी पालथी असल्याची खात्री पाऊण भरली, तरी त्याच्या लेखी शून्य. मग बेल वाजणार कशी?

"तरीच!" तिने टाळी वाजवली. "चालता हो आता."

जुना तिने मुळासकट काढला, मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, नवा इंटरनेटवरून उतरवायला लावला आणि ती दूध तापवायला गेली.

बेल खणखणली.

ती धावली. ठमी पालथी होती, नाक उशीत. उचलताच तिने असा टाहो फोडला की आईला हसूच फुटलं. "चाललं! अरे, चाललं!"

नवरा स्क्रीनवर वाकला होता. "अगं, नवा अजून अर्धाच उतरलाय. इंटरप्रिटरशिवाय प्रोग्राम हलायचाही नाही. मग चालवतंय कोण?"

इंटरप्रिटरच्या नावाची जागा कोरी होती. खाली प्रोग्राम चालू होता.

ती त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिली. मग तिने ठमीला छातीशी धरलं.

"उतरवणं थांबव."

"वेडी आहेस का?"

"थांबव म्हणते ना. जे कोण आहे, ते जागं आहे. मग आज मी झोपणार."