उशीर न करणारा टीव्ही

“तुम्ही स्वतः गेम खेळता का? नाही ना? मग मला शिकवू नका,” असं म्हणत त्याने विक्रेत्याच्या हातातला रिमोट काढून घेतला.

विक्रेत्याने रिमोट सोडून दिला. असे दिवसाला चार तरी भेटतात, पण हा अगदीच नमुना होता. खिशात पैसे सवलतीतल्या फुल एचडी टीव्हीपुरते, आणि तोरा मात्र अख्खं दुकान विकत घ्यायला आल्यासारखा. रंगाशी, आवाजाशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. कंट्रोलरचं बटण दाबल्यापासून पडद्यावरचा खेळाडू हलेपर्यंत किती वेळ जातो, एवढंच त्याला हवं होतं. या उशिराला इनपुट लॅग म्हणतात, हे त्याला परवाच एका व्हिडिओतून कळलं होतं. आता तो ते जन्मापासून ठाऊक असल्यासारखं सगळ्यांना ऐकवत होता.

“आमचा जुना टीव्ही म्हणजे नुसतं कासव,” तो म्हणाला. “त्याच्यावर मी चार वर्षांत एकही सामना हरलेलो नाही. विचार करा, चांगल्या टीव्हीवर काय करीन.”

विक्रेत्याने विचार केला नाही. तो गिऱ्हाइकाच्या शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोकडे वळला. “मॅडम, तुम्हाला कसा वाटतोय?”

“तिला काय विचारताय? ती फक्त हरते.”

ते खरंच होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच वादात त्याने तोडगा काढला होता. भांडायचं नाही, फुटबॉलच्या व्हिडिओ गेमवर ठरवायचं. जो आधी पाच गोल करील त्याचं खरं. तेव्हा तिला ते फार गोड वाटलं होतं. तेव्हा तिला तो आवडत होता, त्यामुळे बरंच काही गोड वाटायचं. मग भिंतींचा रंग त्याने जिंकला. सोफा कुठे ठेवायचा, तेही. तिची आई पंधरा दिवस राहायला आली होती, ती चार दिवसांत परत गेली, कारण तो पाच-शून्यने जिंकला. स्वतःला तो चॅम्पियन म्हणवून घ्यायचा. घरात माणसं दोन, त्यातलं एक चॅम्पियन.

आता प्रश्न तिच्या नोकरीचा होता. ती औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळेत काम करायची. कंपनी दुसऱ्या गावात नवी प्रयोगशाळा काढत होती आणि तिथली प्रमुख म्हणून तिला बोलावलं होतं. अकरा वर्षं तिने याचीच वाट पाहिली होती. तो घरी बसून फोनवरून लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर ठीक करायचा. ते काम कुठल्याही गावात बसून झालं असतं. पण त्याला गाव सोडायचं नव्हतं. का, तर नव्हतं. “रविवारी खेळून ठरवू,” त्याने सांगून टाकलं होतं. आणि एवढ्या मोठ्या सामन्याला जुना टीव्ही शोभत नाही, म्हणून हा नवा.

शेवटी त्याने सगळ्यात कमी उशीर करणारा टीव्ही निवडला. निवडला म्हणजे, विक्रेत्याने पहिल्या पाच मिनिटांत दाखवलेलाच, दोन तासांनी घेतला.

रविवारी दुपारी टीव्ही भिंतीवर चढला. त्याने कंट्रोलर जोडले, बोटं मोडली. “बॅगा भरायची घाई करू नकोस,” असं तिला बजावून खेळ सुरू केला.

पहिल्याच मिनिटात त्याचा गोलकीपर उडी मारून मोकळा झाला. तिच्या खेळाडूने अजून चेंडूला पायही लावला नव्हता. गोल झाला. मग त्याचा बचावपटू, अडवायला समोर कोणी नसतानाच, जमिनीवर घसरत लांब निघून गेला. दुसरा गोल. जुन्या टीव्हीवर बटण दाबल्यावर सगळं सावकाश घडायचं. तो उशीर हिशेबात धरून आधीच बटण दाबायची खोड त्याच्या अंगठ्यांना लागली होती, आणि त्या खोडीला तो चार वर्षं प्रतिभा म्हणत आला होता. तिला ते कधी जमलंच नव्हतं. दिसलं की दाबायचं, एवढंच तिला येत होतं. या टीव्हीवर तेवढं पुरेसं होतं.

सामना तिने पाच-एकने जिंकला. तो एक गोलही तिनेच चुकून स्वतःच्या जाळ्यात मारला होता.

त्याने कंट्रोलरच्या बॅटऱ्या काढून परत घातल्या. मग खिडकीचा पडदा ओढला. मग दुकानात फोन लावला.

“तुमचा टीव्ही फारच पटकन करतोय सगळं. याला जरा उशीर करायला लावता येतो का?”

“साहेब,” विक्रेता म्हणाला, “असं विचारणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच भेटतंय.”

फोन ठेवून तो तिच्याकडे न बघता म्हणाला, “हा सामना धरायचा नाही. टीव्ही नवीन आहे. आणि नोकरीसारखी मोठी गोष्ट अशी एका डावात ठरत नसते.”

तिला हसू आलं नाही. चार वर्षांचा राग होता, पण आवाज तिने चढवला नाही.

“नोकरीचं मी सोमवारीच ठरवलं. होकार कळवून झालाय.”

तो आता तिच्याकडे बघायला लागला. “मग आत्ता कशासाठी खेळलो आपण?”

तिने आपला कंट्रोलर त्याच्या मांडीवर ठेवला आणि ती स्वतःची बॅग भरायला उठली.

“तुला बरोबर न्यायचं की नाही, तेवढंच ठरायचं राहिलं होतं.”